कॉर्निया, लिंबस आणि ‘दुआ थर’: डॉ. हरमिंदर दुआ यांच्या संशोधनाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नेत्रदानाची व्याख्यानं झाली की मागच्या रांगेतून काही प्रश्न हमखास येतात. मेडिकलची मुलं भेटली की त्यांचे वेगळे, आणि डोळ्यात चुना गेलेल्या पोराला घेऊन आलेल्या आईबापांचे त्याहून वेगळे. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत मागे गेलं की बऱ्याचदा एकाच माणसाच्या कामापाशी पोचायला होतं. म्हणून हे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत.

डॉ. दुआ आपल्या नागपूरचेच ना?

शिक्षणाने नागपूरचे, हो. हरमिंदर सिंग दुआ यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरकी केली. नागपूरकर ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, तेच हे कॉलेज. नेत्ररोगातलं पदव्युत्तर शिक्षणही त्यांनी नागपूर विद्यापीठातूनच घेतलं. मग ते ब्रिटनला गेले, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात पीएचडी केली आणि पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तिथल्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये एकीकडे रुग्ण आणि दुसरीकडे प्रयोगशाळा असं त्यांचं काम वर्षानुवर्षं चालत आलं. २०११ ते २०१४ या काळात ते ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्सचे अध्यक्ष होते. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकाचं संपादनही त्यांनी केलं.

पदांची यादी आणखी लांबवता येईल. पण त्यांचं मोठेपण त्या यादीत नाही, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत आहे असं आम्हाला वाटतं, म्हणून पुढे वळू.

कॉर्निया म्हणजे बुबुळ का?

बोलण्यात आपण तसं म्हणतो, आणि दवाखान्यात त्याने काही बिघडत नाही. पण काळं-तपकिरी दिसतं ते मागचं रंगीत पटल. कॉर्निया हा त्याच्यापुढचा पारदर्शक भाग, मनगटी घड्याळाच्या काचेसारखा. मराठी पुस्तकांत त्याला पारपटल किंवा स्वच्छमंडल म्हटलेलं सापडेल. आपल्या आजीच्या पिढीत ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणायचे, ते फूल या काचेवर पडतं.

मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. निरोगी कॉर्नियात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून तर त्यातून आरपार दिसतं. पुस्तकांत त्याचे पाच थर शिकवले जातात: वरचं एपिथेलियम, त्याखाली बोमनचा थर, मग स्ट्रोमा (जाडीचा जवळजवळ सगळा हिस्सा याचाच), मग डेसिमेटचं पटल आणि सगळ्यात आत एंडोथेलियम, म्हणजे पेशींची एकच रांग. हे पाच लक्षात ठेवा, पुढे भांडण त्यांच्यावरूनच आहे.

‘नेत्रपृष्ठभागाचे आजार’ असा वेगळा विषय कशासाठी?

कॉर्निया एकटा जगत नाही म्हणून. अश्रूंचा थर, पापण्या, पापण्यांमधल्या तेलाच्या ग्रंथी, पांढऱ्या भागावरचं नेत्रश्लेष्मल म्हणजे कंजंक्टायव्हा आणि कॉर्निया हे सगळं मिळून एक घर आहे. एक खांब हलला की बाकीचे हलतात. कोरड्या डोळ्याच्या रुग्णाला नुसता चष्म्याचा नंबर बदलून देण्यात अर्थ नसतो तो यामुळेच.

त्यांच्या संशोधनाची सुरुवात कुठून झाली?

खरचटण्यापासून. डोळ्याला नख लागलं, कागदाची कड लागली, उसाचं पान घासून गेलं, की कॉर्नियावरची साल निघते. आपण थेंब देतो, पट्टी बांधतो, आणि दोन दिवसांत जखम भरते. ती भरली की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही विसरून जातात. दुआ यांनी अ‍ॅबर्डीनमध्ये जॉन फॉरेस्टर यांच्यासोबत ती भरताना पाहिली. फ्लुओरेसिनचा पिवळा-हिरवा रंग टाकायचा, स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून बघायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) जखमेची किनार बघायची, चित्र काढायचं, काही तासांनी पुन्हा बघायचं. १९८७ मध्ये त्यांचा निबंध आला.

त्यात दिसलं ते असं. जखम वर्तुळासारखी चहूबाजूंनी सारखी आकसत येत नाही. काठावरून पेशींच्या काही चादरी फुगीर तोंडाने आत सरकतात. दोन चादरी भेटल्या की मध्ये एक रेघ तयार होते, तीन भेटल्या की इंग्रजी वाय अक्षरासारखी फांदी दिसते. ही फांदी बघून भलेभले फसतात, कारण हर्पिस विषाणूचा व्रणही फांद्यांसारखाच दिसतो. भरत आलेली साधी जखम हर्पिस समजून रुग्णाला विषाणूवरचं औषध चालू करणं हा चुकीचा उपचार, आणि तो टळतो तो कोणीतरी तासनतास डोळा लावून बसलं होतं म्हणून.

या कामाला महागडं यंत्र लागलं नाही. स्लिट लॅम्प तालुक्याच्या गावच्या नेत्रतज्ज्ञाकडेही असतो.

१९९० मध्ये याच जोडीने पुढची पायरी दाखवली. जखम कॉर्नियाच्या कडेपर्यंत, लिंबसपर्यंत गेली असेल तर पेशी आधी कडेकडेने सरकतात. दोन्ही टोकांकडून जिभेसारख्या पुढे येतात, एकमेकींना भेटून काठ पूर्ण करतात, आणि मगच आत कॉर्नियावर चढतात. आधी कुंपण, मग अंगण. हा काठ वेळेत पूर्ण झाला नाही, तर बाहेरच्या नेत्रश्लेष्मलाच्या पेशी आत घुसतात आणि काचेवर धुरकट, रक्तवाहिन्यांची साय पसरते.

त्यावरून त्यांनी एक साधा उपाय सुचवला: घुसणाऱ्या पेशी दिसल्या की त्या हलक्या हाताने खरवडून काढायच्या, लागलं तर पुन्हा पुन्हा, जोवर काठावरच्या खऱ्या पेशी येऊन जागा घेत नाहीत. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. पण करायचं काय, तर राखण.

लिंबस लिंबस म्हणता, ते नक्की काय?

काळ्याचा पांढरा होतो तिथली कड. तिथे कॉर्नियाच्या एपिथेलियमच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, राहतात. ही कल्पना दुआ यांची नाही. १९७१ मध्ये नॉर्वेच्या डॅव्हॅन्गर आणि इव्हेन्सन यांनी ती मांडली आणि १९८०च्या दशकात तिला प्रयोगांचा आधार मिळाला. दुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लिंबसच्या आत खोलवर जाणारे पेशींचे छोटे कोनाडे दाखवले, त्यांना ‘लिंबल एपिथेलियल क्रिप्ट’ म्हणतात. मूळपेशी सुरक्षित राहाव्यात अशीच ती जागा आहे.

पृष्ठभागाच्या पेशी सतत झिजतात, अश्रूंबरोबर वाहून जातात आणि त्यांची भरपाई या काठावरून होते. विहिरीचा झरा बुजला की वर कितीही पाणी ओता, विहीर आटतेच. लिंबस संपूर्ण जळालेल्या डोळ्यात नुसतं कॉर्निया प्रत्यारोपण टिकत नाही ते याच कारणाने. दुसऱ्याची काच बसवता येते, पण तिच्यावर साल धरणारा झरा आटलेला असतो.

डोळा भाजला की डॉक्टर ‘ग्रेड’ सांगतात. ती कशी ठरते?

जुनी पद्धत १९६५ मधली, रोपर-हॉल यांची. तिच्यात लिंबसचा अर्ध्याहून जास्त भाग गेला की रुग्ण थेट शेवटच्या, चौथ्या वर्गात पडतो आणि त्याचं भवितव्य वाईट असं लिहिलं जातं. पण अर्ध्याहून थोडा जास्त जळालेला डोळा आणि पूर्ण जळालेला डोळा एकाच पारड्यात कसा तोलायचा? पहिल्यात अजून बरंच लिंबस जिवंत आहे, आणि मूळपेशींबद्दल कळल्यानंतर तो फरक जमीन-अस्मानाचा ठरतो.

२००१ मध्ये दुआ, किंग आणि जोसेफ यांनी नवी वर्गवारी मांडली. घड्याळाच्या तबकडीसारखे लिंबसचे बारा तास धरायचे आणि किती तास बाधित आहेत ते मोजायचं. त्यासोबत नेत्रश्लेष्मलाचा किती टक्के भाग गेला ते लिहायचं. पहिल्या वर्गात लिंबसला काहीच झालेलं नसतं. दुसऱ्यात तीन तासांपर्यंत, तिसऱ्यात सहापर्यंत, चौथ्यात नऊपर्यंत, पाचव्यात नऊच्या पुढे पण बाराच्या आत. सहाव्यात बाराही तास आणि नेत्रश्लेष्मल शंभर टक्के. रोपर-हॉल यांचा एकच शेवटचा वर्ग इथे तीन वर्गांत उलगडला.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते आकडा लिहिण्याची सवय. ‘३/२०%’ (लिंबसचे तीन तास, नेत्रश्लेष्मलाचे वीस टक्के) असं केसपेपरवर लिहिलं की उद्या दुसऱ्या गावचा डॉक्टरही समजतो, आणि चार दिवसांनी परत मोजून डोळा कुठे चाललाय ते कळतं. आशा आहे की नाही, हे सांगताना घरच्यांसमोर हात झटकावे लागत नाहीत. ‘चौथा वर्ग’ ऐकून ज्याने आधी सगळं सोडून दिलं असतं, त्याला आज लढायला कारण मिळतं.

आमच्या मुलाच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली. काय करायचं?

हे वाचताना तसं आत्ता घडलं असेल तर वाचन थांबवा आणि डोळा धुवायला लागा. साधं स्वच्छ पाणी, भरपूर, निदान अर्धा तास. नळाखाली, तांब्याने, बाटलीने, जे हाताशी असेल त्याने. पापणी उघडी धरायला दुसऱ्या माणसाला सांगा. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. धुऊन झाल्यावर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. ते वरची पापणी दोनदा उलटी करून आत अडकलेले कण काढतील आणि कागदाच्या पट्टीने डोळ्यातला क्षार मोजतील.

ही गोष्ट आपल्याकडे इतकी का घडते? तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात चुन्याची पुडी किंवा ट्यूब असते, आणि ती मुलांच्या हाती लागते. दाबून बघायला मजा वाटते, आणि टोक नेमकं चेहऱ्याकडे असतं. चुना क्षार आहे. आम्ल डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतं आणि बऱ्याचदा तिथेच अडतं. क्षार मात्र पेशींच्या भिंती विरघळवत आत आत जातो. शिवाय चुन्याचा कण पापणीखाली चिकटून राहतो आणि तासनतास झिरपत राहतो. म्हणून दवाखाना गाठण्याची घाई करण्याआधी पाणी.

तंबाखू सोडा असं आम्ही सांगणारच. ते आज जमत नसेल तर निदान चुना उंच फळीवर, झाकणाच्या डबीत ठेवा. ओपीडीत सहा-सात वर्षांचं पोर दोन्ही डोळे घट्ट मिटून बापाच्या खांद्यावर येतं, तेव्हा त्या बापाचा चेहरा बघवत नाही.

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. कॉर्नियाचं पहिलं यशस्वी पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविया प्रांतातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमोउत्स गावी एडुआर्ट झिर्म यांनी केलं. रुग्ण होता आलोइस ग्लोगार, शेतमजूर, आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. दाता होता अकरा वर्षांचा एक मुलगा, ज्याचा जखमी डोळा काढावा लागला होता. ग्लोगारच्या एका डोळ्यातलं कलम पारदर्शक राहिलं आणि तो कामावर परतला. कॉर्निया प्रत्यारोपणाची गोष्ट चुन्यापासूनच सुरू होते.

लिंबस पूर्ण गेलं असेल तर काहीच करता येत नाही का?

येतं, विशेषतः दुसरा डोळा चांगला असेल तर. १९८९ मध्ये केनियन आणि त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या लिंबसचे मोठे तुकडे आजारी डोळ्यात लावून दाखवले. पण चांगल्या डोळ्यातून एवढं काढायची भीती वाटते. १९९७ मध्ये इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी अगदी छोटा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्याची चादर बसवली. त्याच वाटेने आलेल्या उपचाराला २०१५ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. उत्तम, पण पेशी वाढवायची प्रयोगशाळा सगळीकडे कुठून आणायची?

या अडचणीला उत्तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतून आलं. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सांगितलं की दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घ्या, त्याचे आठ-दहा कण करा आणि वारेच्या पडद्यावर, फायब्रिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) गोंदाने, कॉर्नियाभर पेरा. पेशी तिथेच, रुग्णाच्या डोळ्यातच वाढतात. या शस्त्रक्रियेला ‘स्लेट’ म्हणतात. आज जगभर ती होते, आणि भारतीय माणसाने भारतीय खर्चाच्या हिशोबाने शोधली म्हणून तिचं आम्हाला विशेष कौतुक आहे.

वारेचा पडदा? म्हणजे बाळंतपणातली वार?

तीच. वारेच्या आतल्या बाजूचा अगदी पातळ, पारदर्शक पडदा. सिझेरियनच्या वेळी, आईची लेखी संमती घेऊन आणि रक्ततपासण्या करून तो घेतात, स्वच्छ करून गोठवून ठेवतात. डोळ्यात तो १९४० मध्ये पहिल्यांदा वापरला गेला, मग विस्मरणात गेला आणि १९९५ मध्ये किम आणि त्सेंग यांनी त्याला परत आणलं. दुआ यांनी २००४ मध्ये त्याचा सविस्तर आढावा लिहिला आणि त्यात उत्साहाला लगामही घातला. एका वारेचा पडदा दुसरीसारखा नसतो, साठवल्यावर त्याचे गुण बदलतात, त्यामुळे प्रत्येक डोळ्यावर तो जादू करेल अशी अपेक्षा धरू नये. आवडत्या उपायाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

कॉर्नियात वाढलेल्या रक्तवाहिन्या बंद करता येतात का?

येतात. बारीक सुई रक्तवाहिनीजवळ घालून विजेच्या उष्णतेने ती बंद करण्याची पद्धत दुआ यांच्या गटाने २००० मध्ये मांडली. प्रत्यारोपणाआधी वाहिन्या कमी केल्या की शरीराने कलम नाकारण्याचा धोका घटतो.

आता मुख्य गोष्ट. दुआ यांच्या नावाने ओळखला जाणारा कॉर्नियाचा नवा थर सापडला कसा?

एका बुडबुड्याने.

२००२ मध्ये मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टायखमन यांनी ‘बिग बबल’ नावाची पद्धत सांगितली होती. केरॅटोकोनससारख्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या) आजारात कॉर्नियाचं आतलं अस्तर चांगलं असतं, बिघडलेला असतो तो वरचा जाड भाग. मग पूर्ण काच कशाला बदलायची? स्ट्रोमात खोलवर सुई घालून हवा भरतात, हवेचा मोठा बुडबुडा तयार होतो आणि आतलं अस्तर अलग होतं. वरचा भाग कापून काढायचा, रुग्णाचं स्वतःचं अस्तर तसंच ठेवायचं आणि दात्याचा वरचा भाग शिवायचा. तेव्हा समजूत अशी होती की हवा स्ट्रोमा आणि डेसिमेटचं पटल यांच्या मधून शिरते, म्हणजे बुडबुड्याची भिंत हे डेसिमेटच असणार.

पण शस्त्रक्रियेत काही गोष्टी जुळत नव्हत्या. डेसिमेट एवढं पातळ, तरी काही बुडबुडे चांगले दणकट निघायचे आणि काही पटकन फुटायचे. नॉटिंगहॅमच्या गटाने नेत्रदानातून आलेल्या, प्रत्यारोपणाला न वापरता आलेल्या ३१ कॉर्नियांच्या चकत्या घेतल्या (त्यातल्या सहा तुलनेसाठी राखल्या) आणि त्यांत हवा भरली. दोन तऱ्हा स्पष्ट दिसल्या. एक बुडबुडा मधोमध, घुमटासारखा, साडेआठ मिलिमीटरपर्यंत. दुसरा बहुधा कडेपासून सुरू होणारा, पातळ भिंतीचा, साडेदहापर्यंत पसरणारा. क्वचित दोन्ही एकत्र.

मग त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा की तो आधी कोणी का विचारला नाही याचं आश्चर्य वाटतं. भिंत खरंच डेसिमेटची असेल, तर बुडबुडा फुगलेला असताना डेसिमेट सोलून काढलं की तो फुटायला हवा. घुमटाच्या बुडबुड्यावरून त्यांनी डेसिमेट सोललं. पूर्ण सोललं. बुडबुडा जसाच्या तसा राहिला.

उलटही करून पाहिलं. काही चकत्यांवरचं डेसिमेट आधीच सोलून टाकलं आणि मग हवा भरली. तरीही घुमट तयार झाला. म्हणजे हवा धरून ठेवणारं दुसरंच काहीतरी तिथे होतं. सूक्ष्मदर्शकाखाली सरासरी १०.१५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, पेशी नसलेला, कोलॅजन या प्रथिनाच्या पाच ते आठ पापुद्र्यांचा थर दिसला, आडवे-उभे-तिरपे घट्ट विणलेले धागे असलेला. २०१३ मध्ये ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात हा निबंध आला. दुआ यांच्यासोबत लाना फराज, डालिया सैद, ट्रेव्हर ग्रे आणि जेम्स लो हे लेखक होते.

शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघूनही तो दिसला कसा नाही?

कारण शांत पडलेल्या कॉर्नियात तो स्ट्रोमासारखाच दिसतो. तिथेही कोलॅजन, इथेही कोलॅजन. गव्हाच्या पोत्यात गव्हाचीच वेगळी जात मिसळली तर नुसतं बघून कळत नाही, दळून पोळी केल्यावर कळतं. हवेने ताण दिला तेव्हा तो थर वेगळा वागला. बघणाऱ्यांचे डोळे अधू नव्हते, नुसतं बघून हे उत्तर मिळणारच नव्हतं.

हे सगळ्यांना मान्य आहे का?

नाही, आणि हे लपवून ठेवलं तर वाचकावर अन्याय होईल.

२०१५ मध्ये जर्मनीच्या श्ल्योट्झर-श्रेहार्ट आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्ट्रोमाच्या मागच्या भागाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की तिथे स्ट्रोमाच्या पेशी डेसिमेटच्या अगदी जवळपर्यंत सापडतात, त्यामुळे ‘पेशीविरहित वेगळा थर’ म्हणता येत नाही. हवा जिथे वाट मिळेल तिथून फाडत जाते आणि मागे स्ट्रोमाचा पापुद्रा उरतो, एवढंच. २०१० मध्ये इराणमधल्या शल्यकांनीही बुडबुड्याच्या भिंतीवर स्ट्रोमाचा अंश उरतो असं नोंदवलं होतं. म्हणजे तिथे काहीतरी उरतं हे आधी दिसलं होतं. त्याला स्वतंत्र थर मानून त्याचे गुणधर्म तपासणं हे दुआ यांचं काम.

नावावरूनही वाद झाला. स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव द्यावं का, असं अनेकांनी विचारलं. आज बऱ्याच निबंधांत ‘प्री-डेसिमेट थर’ म्हणतात आणि पुढे कंसात दुआ यांचं नाव असतं.

आमचं मत? ‘सहावा थर’ म्हणावं की ‘स्ट्रोमाचा खास शेवटचा भाग’, यावर शरीररचनेच्या अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र घुमटाचा बुडबुडा आणि पातळ बुडबुडा यांतला फरक खरा आहे, तो दर वेळी दिसतो, आणि तो ओळखणाऱ्याचा हात अधिक सुरक्षित चालतो. आम्ही विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंचे निबंध वाचायला लावतो.

रुग्णाला याचा काय उपयोग?

पहिला उपयोग वर आलाच: कोणता बुडबुडा झालाय हे कळलं की शल्यक किती जपून जायचं ते ठरवतो.

दुसरा केरॅटोकोनसमधला. त्या आजारात कधी कधी एका दिवसात कॉर्निया पाण्याने फुगतो, पांढरा होतो आणि प्रचंड दुखतं. याला हायड्रॉप्स म्हणतात. डेसिमेट फाटलं की असं होतं, असं आजवर शिकवलं जायचं. पण इतर शस्त्रक्रियांत आपण डेसिमेट मुद्दाम काढतो आणि तरी असा स्फोट होत नाही. दुआ यांचं म्हणणं, हायड्रॉप्समध्ये त्याच्यापुढचा दणकट थरही फाटलेला असावा. हे गृहीत धरून फाटलेली जागा आतून हवा किंवा वायू भरून आणि टाके घालून बंद करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

तिसरा उपयोग चेन्नईशी जोडलेला. आतलं अस्तर बदलण्याच्या शस्त्रक्रियेत नुसतं डेसिमेट वापरलं तर ते इतकं नाजूक असतं की गुंडाळी उलगडताना फाटतं. चेन्नईचे अमर अगरवाल आणि दुआ यांनी २०१४ मध्ये नवा थर सोबत घेतलेलं कलम वापरायची पद्धत मांडली, तिला ‘पीडेक’ म्हणतात. थर सोबत असल्याने कलम हाताळायला सोपं जातं, आणि तरुण दात्याचा कॉर्नियाही वापरता येतो.

याशिवाय डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून निचरतं, तिचे धागे याच थराचा विस्तार आहेत असं २०१४ मध्ये दुआ यांनी मांडलं. काचबिंदूच्या अभ्यासकांसाठी ते दार आता किलकिलं झालंय.

एमएस झालंय. या विषयात संशोधन करायचं तर काय करू?

कोणी हा प्रश्न विचारला की आम्हाला मनापासून आनंद होतो.

एक गोष्ट दुआ यांच्या वाटेवरून लक्षात घ्या. खरचटलेली जखम, लिंबस, भाजणं, वारेचा पडदा, रक्तवाहिन्या, पृष्ठभागावरचे जंतुनाशक पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) आणि शेवटी तो थर, या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा पृष्ठभाग मोडतो कसा आणि सावरतो कसा? दर दोन वर्षांनी चालू फॅशनचा विषय धरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. प्रश्न एक धरा आणि तो धरून ठेवा.

दुसरं, दवाखाना सोडू नका. बुडबुड्याचा प्रश्न शस्त्रक्रियागृहात सुचला, पण त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. फक्त एकाच ठिकाणी काम करणाऱ्याला एक तर प्रश्न सुचला नसता किंवा उत्तर मिळालं नसतं. आपल्याकडे एमएसनंतर पीएचडी करणारे डॉक्टर कमी, कारण तेवढी वर्षं कमाई थांबते आणि घरची गणितं जुळत नाहीत. ही अडचण खरी आहे, तिच्यावर उपदेश करायचा आम्हाला अधिकार नाही. पण कॉर्नियाची फेलोशिप करताना नेत्रपेढीत बसून काम करायची संधी मिळते, ती तरी सोडू नका.

आणि आपल्या जिल्ह्यातले प्रश्न बघा. ऊसतोडणीत आणि मळणीत होणाऱ्या जखमांतून बुरशीचे व्रण होतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला ठाऊक आहे. तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने परदेशी सहकाऱ्यांसोबत केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं की अशा व्रणांत बुरशीवरचं जुनं औषध नॅटामायसिन हे नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरतं. ती चाचणी दक्षिण भारतात झाली, कारण रुग्ण तिथे आहेत. ते आपल्याकडेही आहेत. केसपेपर नीट लिहिण्यापासून सुरुवात करा, व्रणाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, ‘मोठा व्रण’ असं लिहू नका.

नेत्रदानाचा आणि संशोधनाचा काय संबंध? आईचं वय ८० आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिचे डोळे चालतील का?

चालतील. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यातलं काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही. काही संसर्गजन्य आजारांत ते घेत नाहीत, तो निर्णय नेत्रपेढी तपासणी करून घेते, तुम्ही आधीच घेऊ नका. महाराष्ट्रात १० जून हा दृष्टिदान दिन असतो आणि २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा. पण फॉर्म भरून कपाटात ठेवण्यापेक्षा घरात सगळ्यांना सांगून ठेवणं महत्त्वाचं, कारण फोन त्यांनाच करायचा असतो.

प्रत्येक दान केलेला कॉर्निया प्रत्यारोपणाला योग्य ठरतोच असं नाही. आतल्या पेशी कमी असतात, कधी तपासणीत काही निघतं. ‘मग आमच्या आईचे डोळे वायाच गेले का?’ असं एका मुलीने विचारलं होतं. नाही गेले. नॉटिंगहॅमच्या त्या ३१ चकत्या नेत्रदानातूनच आलेल्या होत्या आणि त्या दात्यांचं सरासरी वय होतं ७७.७ वर्षं. संमतिपत्रावर संशोधनाचा वेगळा रकाना असतो, तो वाचून भरा.

वेळ आलीच तर: पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला स्वच्छ कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि सहा तासांच्या आत जवळच्या नेत्रपेढीला कळवा. ते घरी येतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं आणि चेहरा विद्रूप होत नाही.